मायक्रोकंट्रोलर प्रोग्रामिंग : दिवा लुकलुकवणे व सिरियल आउटपुट

मायक्रोकंट्रोलर म्हणजे प्रक्रियक, स्मृती आणि बाहेरच्या तारा जोडण्याच्या पिना एकाच चिपमध्ये सामावलेला लहान संगणक. त्याचे प्रोग्रामिंग शिकताना आधी बोर्डावरचा दिवा ठरावीक अंतराने लावून विझवणारा आणि मग संगणकाच्या पडद्यावर मजकूर पाठवणारा, असे दोन प्रोग्राम लिहिण्याचा प्रघात आहे. पहिल्या प्रोग्रामने केबल, कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारे सॉफ्टवेअर) आणि बोर्ड यांचे जुळले आहे एवढेच सिद्ध होते. चिपच्या आत काय चालले आहे ते दुसऱ्यानेच कळते.

बडोद्यात हाताने काम करत तंत्रविद्या शिकण्याची परंपरा १८९० साली सयाजीराव गायकवाडांच्या राजवटीत निघालेल्या कलाभवनापर्यंत मागे जाते. आज तेथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. दांडिया बाजार, रावपुरा भागांतल्या मराठी घरांतील मुलेही या विषयाची सुरुवात बहुधा आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर किंवा त्याच्या स्वस्त नकलेवरच करतात. आर्डुइनोचा प्रकल्प २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे सुरू झाला. उनोवरील एटमेगा३२८पी चिप १६ मेगाहर्ट्झने चालते आणि तिच्यात प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट, तर चालू कामासाठी केवळ २ किलोबाइट स्मृती असते.

प्रोग्रामचे दोन भाग असतात. ‘सेटअप’ एकदाच चालतो आणि ‘लूप’ वीज असेपर्यंत फिरत राहतो. सेटअपमध्ये बोर्डावरच्या दिव्याला जोडलेली १३ क्रमांकाची पिन आउटपुट ठरवायची, लूपमध्ये ती चालू करून १००० मिलिसेकंद थांबायचे, बंद करून पुन्हा तितकेच थांबायचे, की दिवा लुकलुकू लागतो. बाहेरचा एलईडी जोडल्यास त्याच्याशी २२० ओहमचा रेझिस्टर हवाच; पिनेच्या ५ व्होल्टांपैकी लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात, उरलेल्या ३ व्होल्टांमुळे जवळपास १४ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि तो पिनेला झेपतो. दिवा लागलाच नाही तर प्रोग्रामला दोष देण्यापूर्वी केबल बदलून पाहावी, कारण मोबाइलच्या कित्येक केबली फक्त चार्जिंगच्या असतात.

सिरियल आउटपुटमध्ये एकेक बिट एकाच तारेवरून ठरलेल्या वेगाने जातो. नवशिके सहसा ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, वापरतात. प्रत्येक बाइटला (८ बिटांना) आरंभ व अंत यांचे एकेक बिट जोडले जात असल्याने सेकंदाला ९६० बाइट जातात. बोर्ड आणि सिरियल मॉनिटर (आलेला मजकूर दाखवणारी संगणकावरची खिडकी) यांचा वेग जुळला नाही, तर पडद्यावर अगम्य चिन्हे उमटतात. उनोवर ० व १ या पिना याच कामी गुंतलेल्या असल्याने तेथे दुसरे काही न जोडणे बरे.

या आउटपुटाचे मोल एलएम३५ या तापमान संवेदकावर चांगले दिसते. तो दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो आणि उनो ० ते ५ व्होल्टांचा दाब ० ते १०२३ या आकड्यांत मोजतो. म्हणून वाचनाला ५०० ने गुणून १०२४ ने भागले की अंश मिळतात. थंडीत लिहिलेला हा प्रोग्राम बिनतक्रार चालतो. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२ वर गेला की वाचन ८६ येते, आणि पडद्यावर उणे २२ अंश! या चिपवरील साधा पूर्णांक ३२,७६७ पर्यंतच जातो. ८६ गुणिले ५०० म्हणजे ४३,००० त्यात मावत नाही आणि उत्तर ऋण बाजूला उलटते. त्या वेळी दिवा मात्र नेहमीसारखाच लुकलुकत असतो. कच्चे वाचन वेगळ्या ओळीत छापले असेल तर संवेदक निर्दोष आहे हे लगेच दिसते. मग ५०० ऐवजी ५००.० लिहून हिशेब दशांशात करवला की ४१.९९ मिळते.

संदेश मराठीत छापता येतो, पण देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते. ‘तापमान’ हा शब्द काना धरून १८ बाइटांचा होतो आणि ९६०० बॉडवर त्याला सुमारे १९ मिलिसेकंद लागतात. असे पुष्कळ शब्द वापरल्यास २ किलोबाइटांची स्मृती भरत जाते, म्हणून न बदलणारा मजकूर ‘एफ’ या मॅक्रोने (तयार आज्ञेने) प्रोग्रामच्या स्मृतीतच ठेवतात.