दीवसमोरची ‘दिल्ली’ आणि तिच्या आधीची कहाणी

‘आयएनएस दिल्ली’ म्हटलं की आता आठवते ती माझगाव गोदीत बांधलेली, १९९७ मध्ये नौदलात आलेली विनाशिका. इथे विषय तिचा नाही. तिच्याआधी याच नावाची एक क्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांची वेगवान युद्धनौका, होती. ती १९४८ मध्ये आपल्याकडे आली, तीस वर्षं राबली आणि ३० जून १९७८ रोजी मुंबईत निवृत्त झाली. स्वतंत्र भारताची ही पहिली क्रूझर. डिसेंबर १९६१ मध्ये गुजरात किनाऱ्यावरच्या, तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दीवच्या किल्ल्यावर तोफा डागल्या त्या तिनेच. पण तिच्याविषयी कुठेही वाचायला घ्या, चार ओळींत गाडी दक्षिण अमेरिकेला पोचते आणि तिथून हलत नाही.

तो भाग आधी उरकून घेऊ. इंग्लंडमधल्या बर्कनहेडच्या गोदीत बांधलेली ही बोट १९३३ मध्ये ‘अकिलीस’ नावाने ब्रिटिश नौदलात आली. वजन सात हजार टनांच्या आसपास, चार बुरुजांत, म्हणजे तोफांच्या फिरत्या लोखंडी खोल्यांत, दोन-दोन अशा सहा इंची आठ तोफा. तिला ‘लाइट क्रूझर’ म्हणत, ते वजनावरून नव्हे. १९३० च्या लंडन करारात क्रूझरची हलकी-भारी वर्गवारी तोफेच्या तोंडाच्या व्यासावरून ठरली होती. युद्धाआधीच ती न्यूझीलंडच्या दिमतीला दिली गेली. १३ डिसेंबर १९३९ च्या सकाळी दक्षिण अमेरिकेतल्या रिव्हर प्लेटच्या मुखाबाहेर ‘एजॅक्स’ आणि तिच्याहून मोठी ‘एक्सेटर’ या ब्रिटिश क्रूझरांसोबत तिने ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेला गाठलं. जर्मन तोफा अकरा इंची, एकेक गोळा तीनशे किलोचा. ‘अकिलीस’चा गोळा पन्नास किलोचा. सव्वासहाला सुरू झालेली लढाई पावणेआठच्या सुमारास ब्रिटिश कमांडरने स्वतःच थांबवली, कारण ‘एजॅक्स’वर फक्त वीस टक्के दारूगोळा उरल्याचा निरोप आला. तो निरोप एकाच बुरुजापुरता होता हे नंतर कळलं. तरीही ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलीस’ या दोन्ही छोट्या क्रूझरांनी शत्रूचा पाठलाग सोडला नाही. चार दिवसांनी ‘ग्राफ श्पे’ तिच्याच कप्तानाने माँटेव्हिडिओबाहेर बुडवली.

ही लढाई ‘न्यूझीलंडच्या नौदलाची’ म्हणून सांगितली जाते. त्या सकाळी डोलकाठीवर न्यूझीलंडचा झेंडा होता आणि बोटीवरच्या ५६७ जणांपैकी ३२१ न्यूझीलंडचे होते, हे खरं. पण कागदोपत्री ती ब्रिटिश नौदलाच्या न्यूझीलंड विभागाची बोट होती. त्या देशाचं नौदल या नावाने उभं राहिलं ते १ ऑक्टोबर १९४१ रोजी.

आता माणसांचा हिशेब. प्लेटच्या लढाईत ‘अकिलीस’वर चार जण गेले. एक गोळा बोटीला न लागता पाण्यावर फुटला आणि त्याचे तुकडे वर तोफांचा नेम धरणाऱ्या मनोऱ्यात घुसले. ५ जानेवारी १९४३ रोजी ग्वाडालकॅनलजवळ जपानी विमानाचा बॉम्ब मागच्या दोन बुरुजांपैकी वरच्यावर पडला, तेरा जण मेले. दुरुस्तीला बोट पोर्ट्समथला नेली. तिथे त्याच वर्षी जूनमध्ये तिच्या पोटातल्या टाकीत स्फोट होऊन चौदा गोदीकामगार गेले. शत्रू आसपासही नव्हता. म्हणजे ज्या लढाईवर चित्रपट निघाला, ती माणसांच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त पडलेली. फेब्रुवारी १९४० मध्ये ऑकलंडला या बोटीची मिरवणूक निघाली, रस्ते माणसांनी फुलून गेले. चौदा कामगारांच्या वाट्याला असलं काही येणार नव्हतंच.

बॉम्ब पडलेला बुरुज पुन्हा बसवलाच नाही. त्या जागी विमानविरोधी लहान तोफा आल्या. त्यामुळे ५ जुलै १९४८ रोजी ती ‘दिल्ली’ झाली तेव्हा सहा इंची तोफा आठऐवजी सहाच होत्या. प्लेटच्या लढाईवरच्या १९५६ च्या इंग्रजी चित्रपटात तिने स्वतःचीच भूमिका केली. ‘ग्राफ श्पे’ची भूमिका एका अमेरिकन क्रूझरने केली. पडद्यावर नीट पाहिलं तर ‘अकिलीस’च्या मागच्या अंगाला एक बुरुज कमी दिसतो. १९३९ मध्ये तो जागेवर होता.

बोट मुंबईला सप्टेंबर १९४८ मध्ये आली. हैदराबादची कारवाई त्याच महिन्यातली, त्यामुळे हिच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नसावं. नौदलाची परिस्थिती विचित्र होती. नाविकांच्या उठावाला जेमतेम अडीच वर्षं झाली होती. खलाशी बहुतेक आपले, कप्तान मात्र इंग्रज. आणि नौदलाचा प्रमुख म्हणून त्याच वर्षी जो ब्रिटिश अधिकारी आला, तो प्लेटच्या लढाईत पायाला जखम झालेला ‘अकिलीस’चाच कप्तान! हा योगायोग की कुणी मुद्दाम जुळवून आणलं, यावर गप्पा होत राहतात. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. १९५८ पर्यंत नौदलप्रमुख ब्रिटिशच होते, त्या काळातला कुणीतरी या बोटीशी जोडलेला निघणार यात नवल नाही. महत्त्वाचं हे, की एवढी मोठी बोट चालवण्याचा सराव आपल्या माणसांना हिच्यावर मिळाला. १९५० मध्ये पंतप्रधान नेहरू इंडोनेशियाला गेले तेही हिच्यावरूनच.

बुरुजातलं काम अंगमेहनतीचं. पन्नास किलोचा गोळा खालून पाळण्याने वर यायचा, पण तोफेत तो सारायचा माणसांनीच. त्यामागून दारूची पिशवी वेगळी, मग तोफेचं दार बंद. धान्याचं अर्धं पोतं हलत्या जमिनीवर, मिनिटाला अनेकदा ढकलायचं, तेही लोखंडी खोलीत धूर कोंडलेला असताना. प्लेटला या बोटीने एका सकाळीत हजाराहून जास्त गोळे झाडले होते.

दीवला इतकी वेळ आली नाही, पण वाद दीवचाच मोठा.

गोवा, दमण आणि दीव पोर्तुगीजांकडून सोडवण्याच्या १९६१ च्या ऑपरेशन विजयमध्ये नौदलाच्या दोन्ही क्रूझर कामाला लावल्या. ‘मैसूर’ गोव्याच्या दक्षिणेच्या अंजदीव बेटाकडे, ‘दिल्ली’ दीवकडे. १७-१८ डिसेंबरच्या रात्री लष्कराच्या तुकड्या खाडी ओलांडून बेटावर जायला निघाल्या आणि पोर्तुगीज गोळीबारापुढे अडकल्या, मागे फिरल्या. उजाडल्यावर विमानं आली. किल्ला मात्र टिकून होता. १५३५ मध्ये पोर्तुगीजांनीच बांधलेला, तीन बाजूंना पाणी. मग क्रूझरने सहा इंची तोफांनी त्यावर मारा केला. संध्याकाळी पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी शरणागतीचा निर्णय घेतला आणि १९ तारखेला दुपारी ती अमलात आली.

हा मारा हवा होता का? नौदलाच्या बाजूने लिहिणारे सांगतात की क्रूझरच्या तोफांना किल्ल्याकडे उत्तरच नव्हतं, आणि त्या बोलू लागल्यावर प्रतिकार ढासळला. लष्कराची हकीगत वेगळी. काही गोळे वाळूवर आपटून उसळले आणि आपल्याच सैनिकांमध्ये येऊन फुटले, अशी तक्रार तिथल्या लष्करी अधिकाऱ्याने केली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. हे अशक्य मुळीच नाही. जहाजाची तोफ दुसऱ्या जहाजावर मारण्यासाठी केलेली. तिचा गोळा उखळी तोफेसारखा वरून खाली पडत नाही, जवळच्या पल्ल्यावर तो जवळपास आडवाच जातो. समोर चिंचोळं बेट आणि पलीकडे आपलीच फौज असेल तर गोळा कुठे जाईल हे पाण्यावरचा दगड भाकऱ्या काढत जातो तसं समजावं. माझ्या मते क्रूझर तिथे असणं बरोबर होतं. पण किनाऱ्यावरून नेम दुरुस्त करून सांगणारं माणूस आणि जहाज यांच्यात घट्ट सांधा हवा होता, आणि तिथे ढिलाई झाली. हवाई हल्ल्यांनी निम्मं काम आधीच केलं होतं हेही नाकारता येत नाही. शरणागतीचं श्रेय तिन्ही दलांनी आपापल्या नावे लिहून घेतलं, त्यामुळे तिन्ही हकीगती शेजारी ठेवून वाचल्या तर दीव तीनदा जिंकल्यासारखं वाटतं.

त्यातच ‘वेगा’चा गुंता. दीवला पोर्तुगीजांची ही एकच लहानशी गस्तीबोट, तिच्यावर २० मिलिमीटरची एक तोफ. आपल्याकडे अनेक ठिकाणी ‘दिल्ली’ने ती बुडवली असं लिहिलेलं आढळतं, काही जण तर दोन बोटी म्हणतात. पोर्तुगीज वर्णनानुसार पहाटे चारच्या सुमारास क्रूझरची गाठ पडली, गोळीबार झाला, पण ‘वेगा’ फारशी इजा न होता बंदरात परतली. सकाळी शेवटच्या गोळीपर्यंत लढण्याचा हुकूम घेऊन ती पुन्हा बाहेर पडली आणि भारतीय विमानांवर तिने तोफ चालवली. विमानांच्या माऱ्यात तिचा तरुण कप्तान आणि तोफची मेले, उरलेले पोहत किनाऱ्याला लागून कैद झाले. वेळेचा क्रम बघता मला हेच जास्त पटतं. दमणच्या ‘अंतारेस’ बोटीने लढण्याऐवजी कराची गाठलं.

‘दिल्ली’च्या या दिवसाला महाराष्ट्र-गोव्यात फारशी जागा मिळाली नाही, याचं एक कारण भूगोलात आहे. गोवा मुक्तीच्या आठवणींत मुरगाव बंदरातली ‘अल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेविरुद्धची झटापट आणि अंजदीवला पडलेले सात नौसैनिक येतात, येणारच. दीव आधी गोव्यासोबत एकाच केंद्रशासित प्रदेशात होतं. १९८७ मध्ये गोवा राज्य झालं आणि दीव-दमण वेगळं राहिलं. मग १९ डिसेंबरच्या भाषणांतूनही ते गळालं.

१९६९ मध्ये ‘दिल्ली’ न्यूझीलंडला भेटीवर जाऊन आली. नऊ वर्षांनी निवृत्त होऊन भंगारात निघाली तेव्हा तिचा सगळ्यात मागचा बुरुज भारताने न्यूझीलंडला भेट दिला. ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळाच्या दाराशी तो ठेवला आहे. ग्वाडालकॅनलला बॉम्ब पडला तो याच्या लगेच पुढच्या बुरुजावर. दीवसमोरही हा जहाजावर होता.