पत्र्याखालचा संवाद

खानापूर तालुक्यातलं पत्र्याचं घर, बाहेर आषाढातला पाऊस, आत आई-लेकाचं हळू आवाजातलं बोलणं. पटकथेच्या कागदावर प्रसंग झकास दिसतो. खऱ्या पावसात शूट केला तर संवाद हाती लागत नाही. थेंबांच्या माऱ्यानं पत्रा खालच्या-वरच्या सगळ्या कंपनसंख्यांवर एकदम वाजतो, त्यात बोलण्याचा पट्टाही येतो. सॉफ्टवेअरनं पाऊस पुसायला गेलं की ‘स’, ‘श’, ‘फ’ आधी पुसले जातात. म्हणून उघडीप बघून शूट करा, पाऊस दिसावा म्हणून पाइपचं पाणी खिडकीबाहेर मऊ मातीवर पडू द्या, आणि खरा पाऊस आला की तो वेगळा रेकॉर्ड करा: दोन-तीन मिनिटं आतून, तेवढाच ओसरीवरून. दार उघडताना एकावरून दुसऱ्यावर गेलं की पाऊस खरा वाटतो.

हे ठरतं पटकथेच्या समासात. प्रत्येक प्रसंगापुढे लिहा: संवाद, परिसर, हालचालींचे आवाज, संगीत. निपाणीच्या स्टँडवरचा प्रसंग असेल तर कन्नडमधली घोषणा आणि शेजारी मराठीत चाललेली घासाघीस, एवढ्यानंच गाव कळतं. पाटी दाखवायची गरज नाही. जागा बघायला शूटिंगच्याच वेळेला जा. बेळगावच्या टिळकवाडीत रेल्वे गेटजवळची खोली घेतली असेल, तर गाड्यांच्या वेळा आधी लिहून घ्या.

पैसे जमले की पहिला विचार भारी माईकचा होतो. खरं तर अंतराचा व्हायला हवा. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो. कॅमेऱ्यावरचा माईक तोंडापासून 160 सेंटिमीटरवर असेल आणि तुम्ही दुसरा काठीला बांधून फ्रेमच्या कडेशी, 40 सेंटिमीटरवर आणलात, तर 12 डेसिबल फुकट मिळतात. भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र खोलीभर जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे जवळच्या माईकमध्ये शब्द वर येतो. शहाबादी फरशीवर सतरंजी घाला, फ्रेमबाहेरच्या भिंतींवर जाड वाकळ टांगा. पातळ चादरीनं फारसं काही होत नाही.

रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये 48 किलोहर्ट्झ, 24 बिट ठेवा. सर्वांत मोठा शब्द रेकॉर्डरच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्यावर कापला गेलेला आवाज पुन्हा धड होत नाही. पंखा, फ्रिज बंद. (गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे तो परत चालू करायचं विसरणार नाही.) शेवटी सगळ्यांना गप्प करून मिनिटभर रिकामी खोली रेकॉर्ड करा, संकलनात दोन वाक्यांमधली भोकं तीच बुजवते. मोबाइलवर शूटिंग असेल तर चित्र आणि वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज जुळवायची टाळी शॉटच्या सुरुवातीला आणि शेवटीही द्या. मोबाइलचा फ्रेमदर (सेकंदाला टिपलेल्या चित्रांची संख्या) हलतो, आणि सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटी सुटतात.

सेटवर संवादामागे गाणं लावू नका. कट आला की चालही तुटते. बासरी आणि पेटी माणसाच्या आवाजाच्याच पट्ट्यात शिरतात, हलगीचा कडक ठोका व्यंजनांवर आदळतो. बोलण्याखाली तानपुरा पुरे, सूर वाक्यांमधल्या जागेत येऊ द्या.

अभंगाचे शब्द तुकोबांचे असले, तरी नवी चाल आणि रेकॉर्डिंग दुसऱ्या कुणाचं असतं. भारतात संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. गावातल्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीत गाऊन घ्या आणि परवानगी लेखी घ्या.

मिक्स हेडफोनवर झाला की मोबाइलच्या स्पीकरवरही ऐका. तिथं तानपुऱ्याचा खर्ज जवळपास नाहीसा होतो. प्रसंग त्याच्यावरच उभा असेल, तर वरच्या सप्तकातला एखादा सूर सोबतीला द्या.