मूर्ती, टाक, तांदळा: देवाच्या रूपांना मराठीत काय म्हणतात

पूजेत ठेवलेल्या देवाच्या रूपाला मराठीत सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द म्हणजे मूर्ती. पण तो एकटा नाही, त्याच्यासोबत विग्रह, प्रतिमा, अर्चा, पिंड, टाक, तांदळा, मुखवटा, घट, सुपारी असे कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, एकाच्या जागी दुसरा घातला की घरातली मोठी माणसं लगेच टोकतात. ही नोंद देवांबद्दल कमी आणि त्या शब्दांबद्दल जास्त आहे. उदाहरणं शक्यतो ठाणे आणि नवी मुंबईतली घेतली आहेत, कारण इथे आगरी-कोळी, कोकणी, घाटावरचे, विदर्भातले अशा सगळ्या घरांची बोली एकाच बिल्डिंगमध्ये ऐकायला मिळते.

गणपतीत शब्द कसे बदलतात

हे नीट कळायचं असेल तर गणपतीचे दिवस बघावेत. कारखान्यात असते ती मूर्ती. तिथे आपण सरळ बोलतो, दीड फुटाची मूर्ती बुक केली, शाडूची आहे की पीओपीची, रंग कधी होणार, डोळ्यांची आखणी झाली का, किती पैसे झाले. कोकणातून आलेल्या घरांमध्ये अजून आधी आपला पाट कारखान्यात नेऊन देतात आणि त्याच पाटावर मूर्ती घेऊन येतात. पण एकदा ती तोंडावर रुमाल टाकून कारखान्याच्या बाहेर पडली की वाक्यच बदलतं, "मूर्ती आणली" असं फार कोणी म्हणत नाही, "बाप्पा आले" म्हणतात, आणि ते "आले" सुद्धा आदरार्थी. मूर्ती स्त्रीलिंगी, एकवचनी, आणली गेलेली वस्तू, आणि बाप्पा स्वतःहून आलेले पाहुणे. माझी आजी तर कारखान्यातसुद्धा किंमत विचारताना "ह्यांचे किती झाले" असंच विचारायची, वस्तूचा भाव विचारल्यासारखं तिला चालायचंच नाही.

शास्त्राच्या भाषेत बदल होतो तो प्राणप्रतिष्ठेला. त्याआधी माती, त्यानंतर देव. पूजेच्या संकल्पात नाव येतं पार्थिव गणपती, म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. हाच पार्थिव शब्द आपण माणूस गेल्यावर त्याच्या देहाला वापरतो, "पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवलं आहे" असं, आणि दोन्हीकडे अर्थ तोच आहे, मातीचं जे आहे ते. बोलीत मात्र प्राणप्रतिष्ठा हा शब्द गुरुजींच्या तोंडी, बाकी सगळे म्हणतात गणपती बसले. बसणे हे क्रियापद इथे फार महत्त्वाचं आहे, गणपती बसतात, देवी बसते, नवरात्रात घट बसतात. टेंभीनाक्याची देवी असो नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमधली, "ह्या वर्षी देवी कधी बसते" असंच विचारतात, "मूर्तीची स्थापना" हे मंडळाच्या पत्रिकेवर छापायचं.

मग उत्तरपूजा. अक्षता वाहायच्या, "पुनरागमनाय च" म्हणजे परत येण्यासाठी जा असं म्हणायचं आणि मूर्ती जागेवरून थोडीशी हलवायची. त्या हलवण्याने देवत्व उतरलं असं मानतात, म्हणजे शास्त्राप्रमाणे तलावपाळीला किंवा खाडीवर आपण नेतो ती परत नुसती माती. पण मला आजपर्यंत एकही माणूस असा भेटला नाही जो त्या वेळी तिला माती म्हणेल. पाण्यापर्यंत ते बाप्पाच असतात, आणि नंतर "गणपती गेले". बुडवले असं कोणी म्हणत नाही, लहान मुलाने म्हटलं तर त्याला गप्प करतात. परत येताना पाटावर तिथली थोडी वाळू किंवा माती आणायची आणि घरी रिकाम्या पाटाची आरती करायची, ही पद्धत ठाण्यात अजून बऱ्याच घरांत आहे.

कृत्रिम तलाव आले तेव्हा ह्याच भाषेवरून वाद झाला होता. मोहिमेत "मूर्तिदान" शब्द आला आणि बऱ्याच लोकांना तो खटकला, कारण दान आपण आपल्या वस्तूचं करतो आणि पाहुण्याचं दान कसं करणार. मग मूर्ती स्वीकार केंद्र, संकलन केंद्र असे शब्द फलकांवर दिसायला लागले. प्रदूषणाचा मुद्दा खराच आहे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या सुधारित मार्गदर्शक सूचना पीओपीच्या विरोधातच आहेत, आणि माझं स्वतःचं मत शाडूच्या बाजूने आहे, पण लोकांना पटवायचं असेल तर शब्द त्यांच्या भावनेला धरून हवा, हे त्या वेळी दिसलं.

पाणिनीने पकडलेला फरक

विकायची मूर्ती वेगळी आणि पूजेची वेगळी हा भाषेतला भेद आपल्या आजीपणजीचा नाही, खूप जुना आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायी ह्या संस्कृत व्याकरणाच्या ग्रंथात प्रतिकृतीसाठी क हा प्रत्यय सांगितलाय, म्हणजे घोड्यासारखी केलेली आकृती ती अश्वक. आणि मग एक सूत्र येतं, "जीविकार्थे चापण्ये" (5.3.99), ज्याचा अर्थ असा की जी प्रतिमा पोट चालवण्यासाठी आहे पण विकायची नाही तिला हा क लागत नाही. म्हणजे पुजाऱ्याकडची शिवाची प्रतिमा नुसती शिव, आणि बाजारात विकायला ठेवलेली असेल तर शिवक. पतंजलीने महाभाष्यात ह्यावर शिव, स्कंद, विशाख अशी उदाहरणं दिली आहेत आणि मौर्यांनी सोन्याच्या लोभाने अर्चा, म्हणजे पूजेच्या मूर्ती, करवल्या असंही तिथे म्हटलंय, हा ग्रंथ साधारण इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकातला. आपण जांभळी नाक्याच्या मार्केटमध्ये "गणपतीची मूर्ती" म्हणतो आणि घरी आल्यावर नुसतं "गणपती", तेव्हा नकळत हेच सूत्र पाळत असतो.

शब्दांच्या मुळाशी

मूर्ती हा शब्द मूर्च्छ् धातूपासून आलाय, त्याचा एक अर्थ घट्ट होणे, आकार धरणे. दही लागतं तसं समजा. त्यामुळे मूळ अर्थ घडवलेली वस्तू असा नाही, ज्याने आकार धरला ते, देह. मराठीत हा जुना अर्थ अजून जिवंत आहे, "मूर्ती लहान पण कीर्ती महान" ह्या म्हणीत मूर्ती म्हणजे माणसाचं शरीर, मूर्तिमंत म्हणजे देहधारी, आणि मूर्त-अमूर्त हे तर शाळेत शिकवतात.

विग्रह शब्द मराठी माणसाला आधी व्याकरणातून माहीत होतो, समासाचा विग्रह. वेगळं करून, उलगडून दाखवणं. त्याचा दुसरा अर्थ युद्ध, संधी-विग्रह मधला, आणि तिसरा शरीर. देवाच्या रूपाला विग्रह म्हणणं संस्कृतात आणि दक्षिणेत जास्त चालतं, मराठीत ते कीर्तन-प्रवचनात ऐकू येतं, घरात नाही.

प्रतिमा मधला मा हा मोजणे ह्या अर्थाचा धातू, उपमा आणि प्रमाण मध्ये तोच आहे. म्हणजे मापाला माप लावून केलेली ती प्रतिमा, आणि म्हणूनच शिल्पशास्त्रात हा शब्द येतो, वराहमिहिराच्या बृहत्संहितेत प्रतिमालक्षणावर वेगळा अध्याय आहे आणि देवाची उंची ताल ह्या मापात मोजायची पद्धत आहे. आजच्या मराठीत मात्र प्रतिमा हा शब्द फोटोकडे सरकलाय, "प्रतिमेला पुष्पहार" म्हटलं की भिंतीवरची फ्रेमच डोळ्यासमोर येते. जुनी माणसं त्याला तसबीर म्हणायची.

अर्चा म्हणजे पूजा आणि पूजेचं रूपही. पांचरात्र ह्या वैष्णव परंपरेत विष्णूची पाच रूपं मानतात, पर, व्यूह, विभव, अंतर्यामी आणि अर्चा, आणि अर्चा म्हणजे देवाने भक्तासाठी घेतलेला एक अवतारच. भागवताच्या अकराव्या स्कंधात प्रतिमा आठ प्रकारच्या सांगितल्यात, दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, काढलेली म्हणजे चित्र, वाळूची, रत्नाची आणि मनातली. मनातली सुद्धा त्याच यादीत, बाकीच्या सातांच्या बरोबरीने, हे मला फार आवडतं.

चेहरा नसलेले देव

मूर्ती म्हटलं की नाक-डोळे आलेच असं आपल्याला वाटतं, पण महाराष्ट्रातले कितीतरी देव बिनचेहऱ्याचे आहेत आणि त्यांना मूर्ती कोणी म्हणत नाही. तांदळा म्हणजे गोलसर, बहुतेक वेळा शेंदूर लावलेला दगड, देवीचा असतो. ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या गावांच्या गावदेवी बऱ्याच ठिकाणी मूळ अशाच, नंतर त्यांना चांदीचे डोळे किंवा मुखवटा बसवला जातो किंवा मागे संगमरवरी मूर्ती उभी राहते, पण जुने गावकरी नमस्कार आधी खालच्या दगडाला करतात. शेंदराचे थर साचून होतं ते कवच, आणि ते निघालं की आतलं रूप दिसतं, वणीच्या सप्तशृंगीचं मूळ रूप 2022 मध्ये असंच शेंदूर काढल्यावर समोर आलं.

टाक म्हणजे चांदीच्या किंवा दुसऱ्या धातूच्या छोट्या पत्र्यावर उठवलेला देव, खंडोबा, भवानी, जोतिबा आणि पूर्वजांपैकी वीर. हे देव्हाऱ्यातले कुळाचे देव, भाऊ वेगळे झाले की टाक नवीन करून घ्यायचे. इथे क्रियापद लक्षात ठेवा, टाक "बनवले" म्हणत नाहीत, "देव घडवले" म्हणतात. बाण म्हणजे नर्मदेतला गोटा, शंकराचा, आणि शाळीग्राम नेपाळातल्या गंडकी नदीतला, विष्णूचा. ह्या दोघांना प्राणप्रतिष्ठा लागत नाही, ते मुळातच देव मानतात. जमिनीतून आपोआप आलेला तो स्वयंभू. आणि काहीच नसेल तर सुपारी, पूजेच्या सुरुवातीला तांदळावर सुपारी ठेवली की ती गणपती.

गौरींचं तर विचारूच नका. कोणाकडे मुखवट्याच्या, कोणाकडे पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या, आणि आपल्या आगरी-कोळी आणि कोकणी घरांत तेरड्याच्या. रोप, दगड आणि पितळी चेहरा, तिन्ही सारख्याच गौरी, तिन्ही येतात, जेवतात आणि जातात.

शंकराच्या बाबतीत देवळात शिवलिंग आणि घरात पिंड असं चालतं. ठाण्याच्या कौपिनेश्वरात भलीमोठी पिंड आहे, देऊळ मूळ शिलाहार राजांच्या काळातलं मानतात आणि आत्ताचं 1760 च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलेलं. जवळच अंबरनाथला शिलाहारांचंच शिवमंदिर आहे, शके 982 म्हणजे 1060 चं. तिथे एक फरक स्पष्ट दिसतो, बाहेरच्या भिंतींवर देवांच्या आकृत्याच आकृत्या पण त्यांना आपण शिल्पं म्हणतो, चपला काढून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जातो ते पिंडीसाठी. घडवणारे हात कदाचित एकाच घराण्याचे असतील, पण भाषा वेगळी कारण पूजा एकाचीच होते. तसंच पुतळ्याचं, शिवाजी महाराजांचा तो पुतळा, आणि त्याला मूर्ती म्हणणाऱ्याला महाराज देवासारखे वाटतात हे लगेच कळतं.

रोजची क्रियापदं

देवाला उठवतात, काकड आरती होते, स्नान, पोशाख, नैवेद्य, मग शेजारती. देवळाचा दरवाजा बंद असेल तर देव झोपलेत किंवा देव जेवतायत. तुळजापूरची भवानी चल मूर्ती आहे, नवरात्राआधी तिला पलंगावर निजवतात आणि त्याला मंचकी निद्रा म्हणतात. पंढरपूरच्या विठोबाची झीज थांबवायला लेप लावतात तो वज्रलेप. देव कडक असतो, जागृत असतो, नवसाला पावतो. आणि संकट आलं की माणूस देव पाण्यात ठेवतो, म्हणजे काम होईपर्यंत त्यांना पाण्याबाहेर काढायचं नाही, आता परीक्षेच्या निकालासाठी हे नुसतं बोलण्यापुरतं उरलंय.

मूर्तिपूजा आणि आयडॉल

मूर्तिपूजा हा शब्द वादातला आहे, घरातला नाही. आई सकाळी "मी मूर्तिपूजा करून येते" म्हणत नाही, ती देवपूजा करते. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांशी वाद झाले, 1867 मध्ये मुंबईत मूर्तिपूजा न मानणारा प्रार्थना समाज निघाला, 1875 मध्ये तसाच आर्य समाज, आणि त्या सगळ्या चर्चेत हा शब्द ठोकून ठोकून पक्का झाला. त्यांच्या टीकेत दम होताच, तो भाग वेगळा. पण इंग्रजीतला आयडॉल हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ छाया, भास, आणि पुढे ख्रिस्ती वापरात तो खोटा देव झाला. आकार धरलेला देह आणि नुसता भास, हे दोन अर्थ अगदी उलटे आहेत आणि तरी शाळेत आपण मूर्ती म्हणजे आयडॉल असंच पाठ करतो. फारसी बुत हा शब्दही बुद्ध वरूनच आलाय असं मानतात. इंग्रजीत लिहायची वेळ आली तर मूर्ती असंच लिहावं, समोरच्याला एक ओळ जास्त समजवावी लागेल पण चालेल.

कायद्यात मात्र ह्या शब्दाने वेगळंच वळण घेतलं. 1925 मध्ये मलिक घराण्याच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, हिंदू देवतेला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानलं, म्हणजे तिच्या नावावर मालमत्ता असू शकते, ती दावा लावू शकते. अयोध्येच्या खटल्यात तर पक्षकाराचं नावच रामलला विराजमान होतं, त्याचा निकाल 9 नोव्हेंबर 2019 चा. विराजमान म्हणजे काय, तर बसलेले. आपल्या "गणपती बसले" मधलंच ते बसणं, कोर्टाच्या कागदावर.

भंगलेले देव

मूर्तीला तडा गेला तर "फुटली" म्हणायचं नाही, भंगली म्हणायचं, किंवा खंडित झाली. भंगलेली पूजेत ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. शहरात ते जमत नाही, म्हणून तलावाच्या कडेला, वडापिंपळाच्या पारावर जुन्या फ्रेमा, पितळी देव, काच गेलेले फोटो ओळीने ठेवलेले दिसतात. घर रिकामं करताना, कोणी गेल्यावर, ते तिथे आणून ठेवतात. त्यांना कोणी टाकलेल्या मूर्ती म्हणत नाही. "पाराखाली देव ठेवून आले" म्हणतात, आणि येणारी-जाणारी बाई त्यांच्यातल्या एखाद्यावर अजून फूल ठेवून जाते.