घरातील ओल आणि पुराचे पाणी (बडोदे)

घराच्या भिंती, जमीन, छत आणि लाकूडकाम यांत पाणी मुरल्याने होणारी हानी. बोलीत भिंतीला ‘ओल धरली’, ‘लोणा लागला’, ‘पोपडे सुटले’ असे म्हणतात. बडोद्यात गवंड्याला ‘कडिया’ आणि ओलीला ‘भेज’ हे गुजराती शब्द मराठी घरांतही कानावर असतात. कडियाने भिंतीवर बोटे वाजवून ‘भेज छे’ म्हटले की खर्चाचा आकडा ऐकण्याची मनाची तयारी करावी.

पाणी घरात चार वाटांनी येते: गच्चीच्या भेगांतून वरून, पायातून चढत खालून, फुटलेल्या नळातून किंवा न्हाणीघराच्या सांध्यातून आतून, आणि पुराबरोबर दारातून. पहिल्या तीन वाटांचे पाणी वर्षानुवर्षे चोरपावलांनी येते. पूर चार तासांत सगळे करतो, म्हणून तो लक्षात राहतो. घराची एकूण नासाडी मोजली तर मात्र गच्चीवरची न बुजवलेली भेग पुराला हार जाणारी नाही.

बडोदे आणि विश्वामित्री

विश्वामित्री पावागडाच्या परिसरात उगम पावते, बडोदे शहरातून असंख्य वळणे घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. मांडवी आणि चार दरवाजांचे जुने शहर तिच्या पूर्वेला आहे, तर अलकापुरी, अकोटा या बाजूची वस्ती पश्चिमेला. सयाजीबाग तिच्या काठावरच आहे. शहराच्या पूर्वेला असलेला आजवा तलाव तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून बांधला. त्याचे जादा पाणी शेवटी विश्वामित्रीतच येते. त्यामुळे शहरात पाऊस थांबून ऊन पडले तरी वरच्या भागातले पाणी नंतर येऊन नदी चढू शकते, आणि अंगण कोरडे पाहून निश्चिंत झालेल्या माणसाच्या घरात मध्यरात्री पाणी शिरते.

जुलै १९२७ मध्ये गुजरातभर आलेल्या महापुराचा तडाखा बडोद्यालाही बसला होता. अलीकडच्या काळात २००५ चे पूर आणि ३१ जुलै २०१९ चा पाऊस लोकांच्या आठवणीत आहे. त्या दिवशी चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. वर्षभराच्या पावसाचा जवळपास निम्मा वाटा एका दिवसात आला म्हणायचा. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस काळाघोडा पुलापाशी २६ फूट ही धोक्याची पातळी असताना नदी ३५ फुटांच्या वर गेली. समा, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर, परशुराम भठ्ठा अशा वस्त्यांत पाणी कित्येक दिवस साचून राहिले.

या नदीत मगरी आहेत, आणि पुरात त्या रस्त्यांवर, पार्किंगमध्ये, क्वचित अंगणातही येतात. म्हणून पाणी ओसरल्यावर जिन्याखालचा अंधार आणि न्हाणीघर बॅटरीने पाहूनच आत पाऊल टाकावे हा बडोद्यापुरता खास नियम. मगर दिसली तर वनविभागाला कळवावे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती संरक्षित आहे, आणि कायदा नसता तरी तिला काठीने हुसकणे शहाणपणाचे नव्हते.

भिंतीत काय होते

साधी भाजलेली वीट वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकते. भारतीय मानकाने साध्या विटांना घातलेली मर्यादाही तीच आहे. तीन किलोची वीट म्हणजे अर्ध्या लिटरहून अधिक पाणी. पूर गुडघाभर आला तरी भिंत गुडघ्यापर्यंतच भिजत नाही. दिव्यातली वात तेल ओढते तसे विटांतील व गिलाव्यातील बारीक छिद्रांतून पाणी वर चढते, आणि पाण्याच्या खुणेच्या वरही भिंत ओली होते. रंगाचा पोपडा बहुधा खुणेच्या वरच सुटतो आणि लोक बुचकळ्यात पडतात.

पाणी एकटे चढत नाही, ते क्षार घेऊन येते. पाणी उडून जाताना क्षार मागे राहतात आणि पृष्ठभागाजवळ त्यांचे स्फटिक वाढतात. वाढणाऱ्या स्फटिकाला जागा लागते, ती तो गिलावा फोडून घेतो. हाच लोणा. काही क्षार हवेतील दमटपणा शोषून पुन्हा विरघळतात आणि कोरड्या दिवसांत पुन्हा गोठतात, म्हणून एकदा लोणा धरलेली भिंत दर पावसाळ्यात तोच खेळ खेळते. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढावा, पाण्याने धुऊ नये. धुतल्यास तो विरघळून परत आत जातो.

सिमेंटच्या स्लॅबमध्ये प्रकार वेगळा. आत लोखंडी सळया असतात. गच्चीची भेग वा छताचा बारका तडा पाण्याला सळयांपर्यंत वाट देतो, त्या गंजतात आणि गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो. वरचे सिमेंट त्या दाबाने फुगून निसटते. स्वयंपाकघराच्या छताचा तुकडा ओट्यावर पडण्याच्या घटनांमागे बहुधा हेच असते. छतावर तांबूस रेघ दिसली आणि ठोकल्यावर आवाज पोकळ आला तर तिथे चुना फासून भागत नाही. सैल भाग पाडून, सळया घासून, दुरुस्ती करावी लागते.

काळ्या मातीवरचे घर असेल, आणि जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत ती माती आहे, तर पाण्याने जमीन फुगते आणि सुकताना आकसते. दारांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात. ही भेग गिलाव्याची नसून पायाची असते. तिला पुट्टी भरून काही काळ झाकता येते एवढेच.

जुन्या वाड्यांचे लाकूड

दांडिया बाजार, रावपुरा, सुरसागर तलावाच्या आसपास गायकवाडी काळातल्या मराठी कुटुंबांच्या घरांत सागवानी चौकट, मधे विटा आणि चुन्याचा गिलावा अशी बांधणी आढळते. रावपुऱ्यातील तांबेकर वाडा हा त्यातला प्रसिद्ध नमुना. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा भिंतीवरच्या चित्रांसाठी ओळखला जातो आणि भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. भिंतीवरची चित्रे गिलाव्यावर असतात, त्यामुळे गिलाव्याला सुटणारा पोपडा चित्रही घेऊन जातो.

सागाचे गाभ्याचे लाकूड टिकाऊ खरे. साधारण वीस टक्क्यांहून अधिक पाणी लाकडात टिकून राहिले की कुजवणारी बुरशी सक्रिय होते. सागाचा गाभा तिला बराच काळ दाद देत नाही. म्हणून तुळईचा मधला भाग शंभर वर्षे शाबूत असतो. घातक जागा म्हणजे भिंतीत रुतलेले तुळईचे टोक आणि खांबाचा तळ. तिथे ओल कोंडते, हवा लागत नाही आणि बाहेरून काही दिसत नाही. उधईलाही अशाच जागा आवडतात. पूर येऊन गेल्यावर खांबाच्या तळाशी लोखंडी खिळा टोचून पाहावा. सहज आत गेला तर सुतार बोलावावा.

नव्या घरांतल्या कपाटांची कथा अधिक दुःखद. भुशापासून दाबून केलेली पाटी (पार्टिकल बोर्ड, एमडीएफ) पाण्यात भिजली की फुगते, आणि सुकल्यावर पूर्ववत होत नाही. साध्या प्लायवूडचे पदर सुटतात. जलरोधक प्लाय (भारतीय मानक ७१०) बराच काळ तग धरते, त्यामुळे तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात तेवढा जास्तीचा खर्च पुढच्या पुरात वसूल होतो.

घाई कुठे, धीर कुठे

पूर आलेल्या घरात लोकांना घाई होते ती बहुधा चुकीच्या जागी: कपाट चमकवण्याची, रंग मारण्याची. ज्या गोष्टी तासांत करायच्या त्या मात्र दिवसांवर जातात.

विजेचा मुख्य स्विच पाणी दाराशी येण्याआधीच बंद करावा. ओले हात व पाण्यात उभे पाय असताना त्याला स्पर्श करू नये; तसे असेल तर वीज कंपनीला बाहेरून पुरवठा तोडायला सांगावे. भिजलेले मोटरचे, फ्रीजचे, वॉशिंग मशिनचे बटण ‘चालतंय का बघू’ म्हणून दाबणे हा पुरानंतरचा सर्वांत महागडा प्रयोग आहे.

चिखल ओला असतानाच काढावा. पाणी खाली उतरत असताना पाण्यासोबतच झाडून काढलेला गाळ निघून जातो, वाळला तर फरशीच्या सांध्यांत दगडासारखा बसतो. गाद्या, सोफे, गालिचे यांना मायेने वाळवत ठेवणे बहुधा व्यर्थ ठरते. सांडपाणी मिसळलेल्या पुरात भिजलेली गादी बाहेरच गेलेली बरी. पुराचे पाणी नळातून गळलेल्या स्वच्छ पाण्यासारखे नसते. त्यात गटार, रॉकेल, जनावरांचे मूत्र असते, आणि लेप्टोस्पायरोसिस त्याच वाटेने येतो. पायाला जखम असेल तर बूट घालूनच उतरावे. भूमिगत टाकी आणि वरची टाकी उपसून घासून, क्लोरिन टाकून मगच वापरावी. क्लोरिनच्या द्रवात संडास साफ करायचे आम्ल कधी मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

बुरशीला ओल्या पृष्ठभागावर वाढायला २४ ते ४८ तास पुरतात. मग कुबट वास, भिंतीवर काळे ठिपके, दम्याच्या माणसाला त्रास. त्यामुळे हवा खेळती ठेवणे हे पहिल्याच दिवसाचे काम. मात्र पंखा थेट बुरशी आलेल्या भिंतीवर लावू नये, तिची बीजे घरभर उडतात. ऑगस्टमध्ये बडोद्याची बाहेरची हवाच इतकी दमट असते की पावसाळी दिवशी नुसत्या खिडक्या उघडून फारसे साधत नाही. उघडिपीत खिडक्या, पावसात बंद खोली आणि एसीचा ‘ड्राय’ पर्याय, असा पाळीपाळीने बेत करावा. खोलीतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आणणे हे लक्ष्य.

तळघर उपसताना मात्र घाई उलट अंगाशी येते. बाहेरची जमीन पाण्याने तुडुंब असताना आतले पाणी एका दमात काढले तर बाहेरचा दाब भिंतीला किंवा फरशीला आत ढकलतो. दिवसाला फूटभर उपसावे, पातळी पुन्हा वर चढते का ते पाहावे, न चढल्यास पुढे जावे. दुकानांखालच्या आणि सोसायट्यांच्या तळघरांत हे फारच कमी पाळले जाते.

रंग आणि गिलावा

खरा धीर भिंतीसाठी लागतो. भिंत साधारण महिन्याला एक इंच सुकते असा अंदाज बांधकामात धरतात. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी सुकली तरी चार-पाच महिने. आता दिनदर्शिका पाहा: २०२४ चा पूर ऑगस्टअखेर, गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला, आणि दिवाळी पूर ओसरून जेमतेम दोन महिन्यांवर. गणपती ओल्या घरात बसवायचे आणि दिवाळीला रंग मारायचा, असा घरोघरचा बेत. दिवाळीत गुळगुळीत दिसणारी भिंत पुढच्या उन्हाळ्यात पोपडे सोडते, आणि दोष रंगाऱ्याला दिला जातो.

यापेक्षाही वाईट म्हणजे जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा कडक गिलावा. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. पाणी मग वाट शोधत वर चढते आणि नव्या गिलाव्याच्या वर, जिथे जुना चुना उरला आहे, तिथे लोणा फुटतो. घरमालक पुढच्या वर्षी सिमेंट आणखी वर चढवतो. ओलही त्याच्या एक पाऊल पुढे. ऑइल पेंट आणि दाट ॲक्रिलिक रंगही त्याच कुळातले. पाण्याच्या खुणेच्या वर दोन फुटांपर्यंत सुटलेला गिलावा खरवडून वीट उघडी ठेवावी आणि पुढच्या उन्हाळ्यात चुन्याचाच गिलावा करावा. घर काही महिने भिकारी दिसेल, हे खरे.

भिंत सुकली का हे पाहण्याची सोपी युक्ती: दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून एक दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर भिंतीचा दोष नाही, खोलीची हवाच दमट आहे.

विमा

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाच्या निर्देशानुसार साधारण विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देतात. तिच्यात पूर येतो. घरातील सामानासाठी इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण असते. वर्षानुवर्षांची गळती, घसारा आणि देखभालीचा अभाव मात्र भरपाईत बसत नाही. म्हणून साफसफाईच्या आधी पाण्याच्या खुणेसकट भिंतीचे, सामानाचे आणि मॉडेल क्रमांकाच्या चकत्यांचे फोटो काढावेत. सामान फेकण्याआधी कंपनीला कळवावे. सर्वेक्षकाला चिखल दिसला पाहिजे, धुतलेली फरशी पाहून तो काय लिहिणार?

कागद आणि फोटो

बडोद्याच्या मराठी घरांत पेटीच्या तळाशी मोडीतले कागद, सनदा, दानपत्रे, आजोबांच्या लग्नाचे फोटो असतात, आणि पेटी बहुधा जमिनीवरच. काजळाची जुनी शाई उन्हाने उडत नाही, पण ती डिंकात कालवलेली असल्याने ओल्या कागदावर बोट फिरले तर फिसकटते. भिजलेला गठ्ठा उघडण्याचा, पाने सोडवण्याचा मोह टाळावा. थोडी पाने असतील तर पांढऱ्या कागदांच्या मधे ठेवून, सावलीत, पंख्याखाली वाळवावीत, उन्हात नाही. गठ्ठा मोठा असेल आणि दोन दिवसांत वाळणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवावा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि जाणकार माणूस मिळेपर्यंत आठवडे मिळतात. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नयेत. स्वच्छ गार पाण्यात भिजत ठेवले तर बरेचदा आपसूक सुटतात, मग चेहरा वर करून वाळवावेत. आपल्या घरी वीज नसणार, तेव्हा फ्रीजर पुरात न सापडलेल्या एखाद्या नातेवाइकाचा शोधावा लागतो. आत जागा नसेल तर आमरसाचे डबे बाहेर काढावेत, ते पुढच्या वर्षी पुन्हा भरता येतात.