मेणबत्तीवर, कार्डावर, स्टोलवर कुठलं चित्र घ्यायचं? ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या मेणबत्त्या, पास्काची (ईस्टरची) मोठी मेणबत्ती, पहिल्या कम्युनियनची (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याची) कार्डं, फादरांचे स्टोल (गळ्यात घालायचे लांब पट्टे), लग्नाच्या पत्रिका असं सगळं बनतं. ऑर्डर द्यायला येणारे बहुतेक जण मोबाईलवरचा फोटो पुढे करतात आणि म्हणतात सेम टू सेम असंच पाहिजे. करून देतो, आमचं काय जातंय. पण कित्येकदा फोटोतलं चित्र त्या संस्काराचं नसतंच. बाप्तिस्म्याच्या मेणबत्तीवर द्राक्षाचा घड आणि गव्हाच्या ओंब्या मागतात, दिसायला छान, पण द्राक्ष-गहू हा मिस्साचा, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या उपासनेचा विषय, म्हणजे बाळाच्या डोक्यावर पाणी पडतंय आणि हातातली मेणबत्ती भलतीच गोष्ट सांगतेय. म्हणून हे पत्रक काढलंय. कुठल्या संस्काराची खूण बायबलमध्ये कुठे आहे ते एकदा कळलं की चित्र निवडायला वेळ लागत नाही.

मुळात हे खुणा-बिणा प्रकरण आर्टिस्ट लोकांनी काढलेलं नाही, ते बायबलमध्येच आहे. संत पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 10व्या अध्यायात सरळ म्हणतो की आपले पूर्वज मेघाखाली होते, समुद्रातून पार गेले, त्यांचा मोशेमध्ये बाप्तिस्मा झाला, आणि ज्या खडकातून ते प्यायले तो खडक ख्रिस्त होता. म्हणजे जुन्या करारात जे घडलं ते खरंच घडलं, त्या लोकांच्या उपयोगाचंही होतं, पण त्यात पुढच्या गोष्टीची चाहूल होती. साखरपुडा कसा, तो स्वतःचा एक कार्यक्रम असतोच, जेवणावळ होते, फोटो निघतात, तरी सगळ्यांना माहीत असतं की खरं कार्य पुढे आहे. तसंच हे. त्यामुळे ‘जुना करार कशाला, येशूचंच काहीतरी टाका’ असं कोणी म्हटलं की आम्ही जरा थांबवतो.

पाण्याच्या गोष्टी (बाप्तिस्मा)

इथे निवडीला सगळ्यात जास्त वाव आहे. पास्काच्या जागरणाला (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेला) फादर पाण्यावर जी प्रार्थना म्हणतात ती नीट ऐका, आमचा अर्धा कॅटलॉग त्यातच आहे. जग निर्माण होताना पाण्यावर तरंगणारा देवाचा आत्मा, नोहाचा जलप्रलय, तांबडा समुद्र, यार्देन नदी आणि क्रुसावरच्या येशूच्या कुशीतून निघालेलं रक्त आणि पाणी, सगळं ओळीने येतं. त्या रात्री जुन्या करारातले सात पाठ असतात, वेळ नसेल तर कमी करतात, पण निर्गमच्या 14व्या अध्यायाचा पाठ, समुद्र दुभंगण्याचा, तो कधीच गाळायचा नाही असा नियम आहे. यावरून त्याचं वजन समजा.

नोहाचं तारू लहान बाळासाठी लोकांना फार आवडतं, जिराफ-हत्ती येतात ना त्यात. प्राणी टाका, आमची ना नाही, पण पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:20-21) भर आहे तो आठ माणसं पाण्यातून वाचली यावर, आणि तो पुढे लगेच म्हणतो की बाप्तिस्मा हा त्याचाच नमुना. शिवाय येशू उठला तो आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे सात दिवस मोजून झाल्यावरचा आठवा. त्यामुळे जुन्या बाप्तिस्मा-घरांमध्ये आठ बाजू दिसतात, रोमच्या लॅटरनचं 5व्या शतकातलं बाप्तिस्मा-घर अष्टकोनीच आहे. कार्डाला साधी आठ कोनांची बॉर्डर मारली तरी अर्थ आला, जागाही खात नाही आणि खर्चही वाढत नाही. हे डिझाईन आम्हाला स्वतःला सगळ्यात आवडतं आणि मागतं कुणीच नाही.

दुसरी एक गोष्ट जी मागत नाहीत ती नामानची. 2 राजे, अध्याय 5. अरामचा सेनापती, अंगावर कोड, अलीशा संदेष्टा त्याला भेटायला बाहेरसुद्धा येत नाही, नुसता निरोप पाठवतो की जा, यार्देनेत सात वेळा बुडी मार. साहेब चिडतात, आमच्या दिमिष्कातल्या (दमास्कसच्या) अबाना आणि परपर नद्या काय वाईट आहेत म्हणतात, आणि परत निघतात. नोकर समजूत घालतात म्हणून जातो, बुड्या मारतो आणि त्याचं अंग लहान मुलासारखं होतं. मोठेपणी बाप्तिस्मा घेणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगलं चित्र नाही. मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी 4थ्या शतकाच्या शेवटी नव्याने बाप्तिस्मा झालेल्यांना हीच गोष्ट समजावून सांगितली होती, आणि त्यांची पद्धत अशी की संस्कार आधी, समजावणं नंतर. माराचं कडू पाणीही त्यांनी घेतलंय (निर्गम 15), मोशे त्यात लाकूड टाकतो आणि पाणी गोड होतं, ते लाकूड म्हणजे क्रूस. पाण्यात पडलेली एक फांदी, बस्स, एवढ्यात डिझाईन होतं.

मेणबत्ती स्वतःच एक खूण आहे

इस्राएली लोक मिसरातून निघाले तेव्हा दिवसा मेघस्तंभ आणि रात्री अग्निस्तंभ पुढे चालायचा. पास्काच्या जागरणाला अंधाऱ्या चर्चमध्ये पास्काची मेणबत्ती पुढे आणि माणसं मागे, ते तेच. मग जे स्तुतिगान गातात त्यात अग्निस्तंभाचं नाव येतं आणि मधमाश्यांचंही येतं, कारण मेण त्यांनी केलेलं. बाळाची मेणबत्ती त्याच मोठ्या मेणबत्तीवरून पेटवतात. म्हणून आम्ही सुचवतो की बाळाच्या मेणबत्तीवर चित्रांची गर्दी नको, खाली पाण्याच्या दोन-तीन लाटा, वर कबूतर, आणि बाकी मेण मोकळं राहू दे.

चित्र आम्ही रंगाने काढत नाही, रंगीत मेणाच्या पातळ शीटमधून ब्लेडने कापतो आणि हाताच्या उबेने दाबून बसवतो. लाट कापताना टोक फार निमुळतं ठेवलं की ते सुटतं आणि जळताना सगळ्यात आधी ओघळतं, म्हणून आमच्या लाटा जरा जाड्या दिसतील, तो दोष समजू नका. आणि काही पॅरिश (गावोगावच्या चर्चची मंडळी) विचारतात की प्लॅस्टिकची नळी, आत तेल, दरवर्षी तीच वापरता येईल, ती मिळेल का. नाही ठेवत. पास्काची मेणबत्ती मेणाचीच हवी, कृत्रिम नको, दरवर्षी नवी हवी आणि एकच हवी असं व्हॅटिकनने 1988 साली लिहूनच दिलंय.

भाकरीच्या गोष्टी (ख्रिस्तप्रसाद)

पहिल्या कम्युनियनच्या कार्डावर सगळे चॅलिस (प्याला) आणि त्यावर गोल हॉस्ट (ख्रिस्तप्रसादाची पातळ भाकर) घेतात. ठीक आहे, पण ते सगळ्यांकडे असतं. मागे जाऊन बघा ना. उत्पत्ती 14 मध्ये मलकीसदेक येतो, शालेमचा राजा आणि देवाचा याजक, अब्राहामाला भेटायला भाकर आणि द्राक्षरस घेऊन येतो आणि निघून जातो, आई-बाप, वंशावळ काही सांगितलेली नाही. इब्री लोकांच्या पत्राने 7व्या अध्यायात यावरच सगळं उभं केलंय. मिस्साच्या पहिल्या कृतज्ञता-प्रार्थनेत, म्हणजे जुन्या रोमन प्रार्थनेत, हाबेल, अब्राहाम आणि मलकीसदेक या तिघांच्या अर्पणाचा उल्लेख आजही होतो. इटलीतल्या राव्हेन्ना शहरात सान व्हिताले चर्च आहे, 547 साली अभिषेक झालेलं, तिथे मोझेइकमध्ये वेदीच्या एका बाजूला हाबेल कोकरू उचलून उभा आहे, दुसऱ्या बाजूला मलकीसदेक भाकर, आणि समोरच्या भिंतीवर अब्राहाम. म्हणजे फादर जी नावं वाचतात तीच माणसं वेदीच्या दोन्ही बाजूंना. याच्यावरून आम्ही एक कार्ड केलंय, नुसते दोन हात आणि भाकर, नमुना मागून बघा.

मान्ना (रानात इस्राएली लोकांना देवाने दिलेलं अन्न) मागताना मात्र एक लक्षात ठेवा. इंटरनेटवरच्या चित्रांत आकाशातून पाव पडताना दाखवतात, अगदी लादीपाव. निर्गम 16 वाचा, तो धण्यासारखा होता, पांढरा, आणि चव मध घातलेल्या पोळीसारखी. सकाळी दव उडून गेल्यावर जमिनीवर बारीक बारीक पसरलेला. उद्यासाठी म्हणून साठवला की किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या (विश्रांतीच्या दिवसाच्या) आदल्या दिवशीचा टिकायचा. म्हणून आम्ही मान्ना काढतो तो बारीक पांढऱ्या दाण्यांचा, खाली एक टोपली, आणि मग लोक विचारतात हे साबुदाणे कशाला. म्हणून शेजारी योहान 6:49-51 छापायला सांगा, तिथे येशू स्वतः मान्नाचं नाव घेऊन म्हणतो की तो खाऊन तुमचे पूर्वज मेले, स्वर्गातून उतरलेली जिवंत भाकर मी आहे.

वल्हांडणाचं (मिसरातून सुटकेच्या रात्रीचं) कोकरू तर सगळ्यांना माहीत असतं. एक बारकावा सांगतो. निर्गम 12 मध्ये रक्त दाराच्या चौकटीला लावायला सांगितलंय, पण तेवढ्यावर संपत नाही, ते कोकरू त्याच रात्री भाजून खायचंही होतं, आणि त्याचं हाड मोडायचं नव्हतं. योहान क्रुसाजवळ हीच हाडांची गोष्ट आठवतो (19:36). त्यामुळे कोकरू काढलं तर ते उभं आणि अख्खं, पाय मोडून पडलेलं नाही. काही रेडिमेड स्टिकरवर तसलं पडलेलं असतं, ते आम्ही वापरत नाही.

आजारी माणसाच्या घरी फादर ख्रिस्तप्रसाद घेऊन येतात त्या वेळच्या छोट्या टेबलक्लॉथसाठी एलीया घ्या. 1 राजे 19. थकून झुडपाखाली पडलाय, मला मरण दे म्हणतोय, देवदूत उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. खातो, परत झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, ऊठ, खा, वाट लांबची आहे. त्या खाण्याच्या बळावर चाळीस दिवस, चाळीस रात्री होरेब डोंगरापर्यंत चालतो. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या संत पेत्र चर्चमध्ये डिर्क बाउट्स या चित्रकाराने 1464 ते 1468 मध्ये शेवटच्या भोजनाचं मोठं चित्र केलं, त्याच्या बाजूच्या चार फळ्यांवर मलकीसदेक, वल्हांडण, मान्ना आणि हा एलीया, चारही आहेत. सेट हवा असेल तर या चारांचा करा, सहाशे वर्षं टिकायला आलेला सेट आहे.

आणि पेलिकन. छातीला चोच मारून पिलांना रक्त पाजणारा पक्षी, खूप मागणी असते. करून देतो, चर्चमध्ये शेकडो वर्षं आहे तो, संत थॉमस अक्वायनस यांनीही प्रभूला पेलिकन म्हटलंय. पण ती नंतरची दंतकथा, बायबलमधली गोष्ट नाही, त्यामुळे खाली वचनाचा नंबर टाका म्हणू नका, टाकायला नंबरच नाही.

तेल, किल्ल्या, काठी

दृढीकरणाला (बाप्तिस्म्यानंतरचा, पवित्र आत्म्यासाठी तेल लावण्याचा संस्कार) लोक ज्वाळा आणि कबूतर घेतात, बरोबरच आहे, पण तेल विसरतात. कबूतर नोहाकडे परत आलं ते चोचीत जैतुनाचं पान घेऊन, आणि तेल जैतुनाचंच. बिशप क्रिझम, म्हणजे अभिषेकाच्या, तेलावर जी प्रार्थना म्हणतात त्यात हे कबूतर येतं, मोशेने अहरोनाला आंघोळ घालून अभिषेक केला तेही येतं. शमुवेल संदेष्टा शिंगातलं तेल दाविदाच्या डोक्यावर ओततो (1 शमुवेल 16:13) आणि त्या दिवसापासून देवाचा आत्मा त्याच्यावर येतो. मोठ्या सात भावांना सोडून मेंढरं राखणाऱ्या धाकट्याला बोलावून आणलं होतं, मुलांना हे चित्र भावतं.

पापनिवेदनासाठी वेगळं काही कोणी मागत नाही, पण फादरांच्या जांभळ्या स्टोलसाठी किल्ल्या चालतात (यशया 22:22, मग मत्तय 16:19), किंवा यशयाच्या 6व्या अध्यायातला निखारा, चिमट्याने वेदीवरून उचलून ओठांना लावलेला. रुग्णाभ्यंगाला (आजाऱ्याला तेल लावण्याच्या संस्काराला) लेवीय 14 बघा, बरा झालेल्या कोडी माणसाच्या उजव्या कानाला, अंगठ्याला, पायाच्या अंगठ्याला याजक तेल लावतो. भरतकामात कान काढणं अवघड, आणि खरं सांगायचं तर छानही दिसत नाही, आम्ही तेलाची कुपी आणि याकोब 5:14 एवढंच सुचवतो. गुरुदीक्षेला, म्हणजे कोणी फादर होतो तेव्हा, अहरोनाची काठी (गणना 17), सुक्या काठीला एका रात्रीत कळ्या, फुलं आणि बदाम. स्टोलवर फार देखणी दिसते, फक्त फुलं बदामाची पाहिजेत, गुलाब नको.

लग्नाच्या पत्रिकेला काना गाव (येशूने लग्नात पाण्याचा द्राक्षरस केला ते) ठरलेलंच, दगडी रांजण सहा काढा, पाच किंवा सात नाही. त्यापेक्षा वेगळं हवं तर आदाम झोपलाय आणि त्याच्या कुशीतून हव्वा, कारण चर्चचे जुने आचार्य म्हणायचे की तसंच क्रुसावर झोपी गेलेल्या ख्रिस्ताच्या कुशीतून चर्च जन्मलं, रक्त आणि पाणी म्हणजे मिस्सा आणि बाप्तिस्मा. हे सगळं पत्रिकेवर समजावता येत नाही म्हणून खाली इफिसकरांस 5:31-32 एवढंच टाका. तोबीया आणि सारा यांची लग्नाच्या रात्रीची प्रार्थना (तोबीत नावाचं पुस्तक, अध्याय 8) हल्ली मागायला लागलेत, सुंदर आहे, पण हे पुस्तक प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नसतं, पाहुण्यांमध्ये त्या बाजूचे नातेवाईक असतील तर आधीच सांगून ठेवा, नाहीतर वचन चुकलं म्हणून फोन आम्हाला येतात.

ऑर्डर देताना

वचन छापायचं असेल तर तुमच्या चर्चमध्ये जे भाषांतर वाचतात त्यातूनच लिहून द्या, व्हॉट्सअपवरून फॉरवर्ड आलेलं नको, आणि फादरांना एकदा दाखवा. बाळाचं नाव बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर असेल तसंच, लाडाचं नाव हवं तर मागच्या बाजूला. पास्काच्या मेणबत्तीसाठी सालाचे चार आकडे कुठलं वर्ष धरून हवेत ते स्पष्ट लिहा, कारण पॅरिश ऑर्डर आदल्या वर्षाच्या डिसेंबरात देतात आणि गोंधळ होतो. धुपाचे पाच खडे वेगळ्या पुडीत मिळतील, ते जागरणाच्या वेळी फादर स्वतः खोचतात, भोकं आम्ही पाडून देतो. मधमाशीच्या मेणाची हवी असेल तर किंमत वाढेल आणि रंग पांढराशुभ्र येणार नाही, पिवळसरच येणार. आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात मेणबत्ती बंद गाडीत ठेवू नका, घरी नेऊन आडवी ठेवा, उभी टेकवून ठेवली की वाकते.