सफारी रॅली: पाच हजार किलोमीटरची साडेतीनशे कशी झाली

जागतिक रॅली स्पर्धेतली केनियाची फेरी, म्हणजेच सफारी रॅली, आज चार दिवसांत आटोपते. स्टेजचं, म्हणजे घड्याळ लावून धावायच्या टप्प्यांचं, एकूण अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे इतर फेऱ्यांइतकंच. तरीही इथे सस्पेन्शन मोडतं, इंजिन गुदमरतं आणि आघाडीवरची गाडी शेवटच्या दिवशी बाद होते. हे समजून घ्यायचं तर १९५३ पर्यंत मागे जावं लागतं.

राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस 'ईस्ट आफ्रिकन कॉरोनेशन सफारी' भरली. एरिक सेसिल आणि त्यांचे चुलतभाऊ नील व्हिन्सेंट यांच्या बोलण्यातून ही कल्पना निघाली. एकाच सर्किटवर गोल गोल गाडी फिरवण्यात व्हिन्सेंट यांना रस नव्हता. गाडीत बसायचं, अर्धा आफ्रिका पालथा घालून परत यायचं आणि जो आधी पोचेल तो जिंकला, अशी शर्यत त्यांना हवी होती. मार्ग केनिया, युगांडा आणि टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भाग) या तीन प्रदेशांतून, सुमारे पाच हजार किलोमीटरचा. गाड्यांचे गट इंजिनाच्या आकारावर नव्हे, तर शोरूममधल्या किमतीवर पाडले होते. आफ्रिकेच्या रस्त्यावर कोणती गाडी टिकते हे गिऱ्हाइकाला थेट कळायचं, म्हणून कंपन्यांनीही लवकरच लक्ष घातलं.

गुणपद्धत साधी आणि निर्दय होती. दोन कंट्रोलमधल्या, म्हणजे वेळ नोंदवण्याच्या ठाण्यांमधल्या, अंतरासाठी वेळ नेमून दिलेली, आणि जितकी मिनिटं उशीर तितका दंड. कठीण टप्प्यांवर ती वेळ गाठणं अशक्यच असे, त्यामुळे सगळ्यांनाच दंड व्हायचा. ज्याचा कमी तो पुढे. रस्ते मात्र वाहतुकीसाठी बंद केलेले नसत. समोरून ट्रक येई, बस येई, गुरांचा कळप आडवा येई, रात्री जिराफही. आजच्या रॅलीत स्टेज म्हणजे बंद रस्ता. सफारीत ही सोय जवळजवळ अर्धशतक नव्हती.

पुढे रॅली ईस्टरच्या सुट्टीत भरू लागली. सलग सुट्टी मिळते हे कारण, पण पूर्व आफ्रिकेचा मोठा पावसाळाही नेमका तेव्हाच सुरू होतो. तिथल्या सखल भागात काळी कापसाची माती आहे, विदर्भ-मराठवाड्यातली असते तशीच. पावसाळ्यात या जमिनीत बैलगाडी कशी बसते हे आपल्याकडे सांगायला नको. पाणी शोषून ती फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि मडगार्डच्या आत थरावर थर चढत जाऊन शेवटी चाकच फिरू देत नाही. त्या काळच्या गाड्यांना ताकद दोनच चाकांना. म्हणून मागच्या बंपरवर पायऱ्या आणि डिकीवर धरायला कड्या बसवलेल्या असत. चाकं गरगरू लागली की को-ड्रायव्हर उतरून मागे उभा राही आणि उड्या मारून मागच्या चाकांवर वजन पाडी. १९६३ साली ८४ गाड्या निघाल्या आणि सात परत आल्या. निक नोविकी आणि पॅडी क्लिफ यांनी प्यूजो ४०४ मध्ये ती रॅली जिंकली. १९६८ मध्ये पुन्हा पावसाने झोडपलं. पुन्हा सातच गाड्या पोचल्या, आणि पुन्हा हीच जोडी ४०४ घेऊन पहिली आली.

अशा रॅलीत बाहेरून आलेल्या नामांकित ड्रायव्हरांचं काही चालत नसे. १९७२ पर्यंत विजेता स्थानिकच असायचा. कोणता ओढा किती तासांत ओसरतो, रस्ता वाहून गेला तर कुठून वळसा घ्यायचा, हे जाणणाराच टिकायचा. केनियातल्या केरिचोत जन्मलेले जोगिंदर सिंग पेशाने मेकॅनिक. १९६५ मध्ये भाऊ जसवंत यांना शेजारी बसवून त्यांनी आधीच्या वर्षी रॅलीत वापरून झालेल्या व्होल्वो पीव्ही ५४४ मध्ये विजय मिळवला. १९७४ आणि १९७६ मध्ये मित्सुबिशी लान्सरमधून आणखी दोन. त्यांनी २२ सफारी सुरू केल्या आणि १९ पूर्ण केल्या. माझ्या मते तीन विजयांपेक्षा हा आकडा मोठा आहे.

१९७२ मध्ये हानू मिकोला आणि गुन्नार पाम यांनी फोर्ड एस्कॉर्टमधून ही मक्तेदारी मोडली. पुढच्याच वर्षी जागतिक रॅली स्पर्धा सुरू झाली आणि सफारी तिची एक फेरी बनली. त्या वर्षी शेखर मेहता आणि हॅरी शेल्स्ट्रोम यांचा दंड सारखाच भरला. सुरुवातीपासून जास्त अंतर दंडाशिवाय कापलं म्हणून मेहता विजेते ठरले. युगांडातल्या कंपालात जन्मलेल्या मेहतांनी नंतर १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षं डॅटसनमधून सफारी जिंकली. पाच विजयांचा त्यांचा विक्रम अजून कायम आहे.

ऐंशीच्या दशकात ग्रुप बी या फारशी बंधनं नसलेल्या गटाच्या राक्षसी गाड्या आल्या. इतरत्र ऑडी क्वाट्रोने फोर व्हील ड्राइव्हचं युग आणलं, पण सफारीत १९८४ ते १९८६ टोयोटाची मागच्या चाकांवर चालणारी सेलिका जिंकत राहिली. टर्बो होता, पण बाकी रचना साधी, मजबूत आणि वाटेत दुरुस्त करता येण्याजोगी. फोर व्हील ड्राइव्ह गाडीचा पहिला विजय थेट १९८७ चा, ऑडी २०० मधून मिकोलाचा.

याच काळात सफारीची खास यंत्रणा उभी राहिली. पुढे धडक सोसणारी भक्कम लोखंडी चौकट, बुल बार. ओढ्यातलं पाणी आणि धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून काचेच्या कडेने छताकडे नेलेली हवेची नळी, स्नॉर्केल. संघाचं हेलिकॉप्टर गाडीच्या पुढे उडत वळणापलीकडचा ट्रक किंवा जनावरं रेडिओवर कळवायचं. त्यात मेकॅनिक आणि सुटे भागही असत. आणखी उंचावर एक विमान केवळ रेडिओ संदेश पुढे पोचवण्यासाठी घिरट्या घालायचं. हा सगळा खर्च एका फेरीचा.

तोच अंगलट आला. नव्वदच्या दशकात बाकीच्या फेऱ्या एका सर्व्हिस पार्कभोवती (गाड्या दुरुस्त करण्याच्या ठरलेल्या तळाभोवती) फिरणाऱ्या, छोट्या बंद स्टेजच्या झाल्या. टीव्हीला तेच सोयीचं. सफारीत मात्र २००२ सालीही स्पर्धात्मक अंतर हजार किलोमीटरच्या घरात होतं. त्या वर्षी कॉलिन मॅकरे जिंकला, आणि पैसा व आयोजनाच्या अडचणींमुळे सफारी स्पर्धेबाहेर गेली.

केनिया सरकारच्या पाठबळावर ती परतणार होती २०२० मध्ये. कोविडमुळे आली २०२१ च्या जूनमध्ये. आता मुक्काम नैवाशात, स्टेज बऱ्याचशा खाजगी रँचमधल्या (गुरं पाळायच्या मोठ्या जमिनींमधल्या) आणि बंद. हेलिकॉप्टरचं राखणदार काम संपलं. स्टेज सुरू होण्याआधी वन्यप्राणी हाकलण्यासाठी मात्र ती लागतातच.

अंतर गेलं, जमीन राहिली. रिफ्ट व्हॅलीतली ज्वालामुखीची माती पिठासारखी बारीक होते. तिला 'फेश-फेश' म्हणतात. वरून सपाट दिसतं, खाली खोल चाकोरी आणि तिच्यात दगड. गाडी पोटावर घासत जाते, एअर फिल्टर आणि रेडिएटर बुजतात आणि इंजिनाचा जोर जातो. इथे थांबलं की रुतलंच, म्हणून ड्रायव्हर आत शिरतानाच वेग राखतो आणि मध्ये ब्रेक लावत नाही. लपलेल्या दगडांमुळे पंक्चर ठरलेलं. एरवी एका स्टेपनीवर भागवणारे इथे जादा वजन पत्करून दोन नेतात. २०२१ मध्ये तिएरी नोविल शेवटच्या सकाळी आघाडीवर होता. लोल्डिया स्टेजमध्ये मागचा डॅम्पर (धक्के शोषणारा भाग) तुटला आणि तो बाद झाला. सेबास्तियाँ ओजिए ताकामोतो कात्सुताच्या २१.८ सेकंद पुढे राहून जिंकला.

जूनमध्ये धूळ असते, चिखल क्वचित. २०२४ मध्ये रॅली पुन्हा ईस्टरच्या आठवड्यात, मार्चअखेरीस नेली. त्यामुळे संघांना आता एकाच फेरीत दोन्हींची तयारी करावी लागते: सकाळी धुळीसाठी बसवलेला फिल्टर आणि कडक टायर, दुपारी पाऊस आला की त्याच रस्त्यावर घसरगुंडी. २०२१ ते २०२५ या पाचही सफारी टोयोटाने जिंकल्या. त्यांपैकी २०२२ आणि २०२३ मध्ये तर पहिल्या चारही जागा तिच्याच.