पदरमोडीच्या बालवाड्या: बॉस्टन ते शारदा सदन

१८७७ साली बॉस्टनमध्ये पॉलिन अगासी शॉ यांनी गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी स्वतःच्या पैशाने बालवाड्या उघडायला सुरुवात केली. १८८३ पर्यंत त्यांची संख्या ३१ वर गेली. जागा, शिक्षिकांचे पगार, खेळसाहित्य, सगळ्याला पैसा एका घरचा. हा पैसा आला होता मिशिगनमधल्या तांब्याच्या खाणींतून. बाईंचे पती आणि भाऊ दोघंही त्या धंद्यात होते. एकीकडच्या खाणकामगारांच्या घामातून दुसरीकडच्या कामगारांची पोरं शिकत होती, हे कौतुक करताना विसरू नये.

बालवाडीची कल्पना मूळची जर्मनीतली. फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. ठोकळे, गाणी, बागकाम यांत धोका तो काय असणार? पण प्रशियाच्या सरकारला तो दिसला आणि १८५१ मध्ये चक्क बंदी आली. तोवर जर्मन स्थलांतरित ही कल्पना घेऊन अमेरिकेकडे निघालेच होते. १८५६ मध्ये विस्कॉन्सिनातल्या वॉटरटाउनला मार्गारेटे शुर्झ यांनी जर्मन बोलणाऱ्या मुलांचा छोटा वर्ग भरवला. १८६० मध्ये एलिझाबेथ पीबडी यांनी बॉस्टनमध्ये इंग्रजीतून चालणारी बालवाडी काढली. पण या वर्गांत येणारी मुलं बहुतेक बऱ्या घरची. फी परवडणाऱ्यांचीच ती हौस होती.

शॉबाईंनी ती वस्तीत नेली. आई-बाप दोघं कामावर आणि तीन-चार वर्षांचं मूल रस्त्यावर, अशी तिथली परिस्थिती. शाळेत बसायच्या आधी मुलाचे हात चालावेत, जीभ सुटावी, चारचौघांत वावरायची सवय व्हावी, एवढं साधलं तरी पुष्कळ होतं. शिक्षिका सकाळी वर्ग घेत आणि दुपारी घरोघर जाऊन आयांशी बोलत. या भेटींत माया होती, तसा स्थलांतरितांना 'वळण लावायचा' तोराही होता. अकरा वर्षं बाईंनी चालवून दाखवल्यावर, १८८८ मध्ये, शहराच्या शिक्षण मंडळाने १४ बालवाड्या आपल्या अंगावर घेतल्या.

सॅन फ्रान्सिस्कोतही सारा कूपर यांच्या बालवाड्यांना जेन स्टॅनफर्ड आणि फीबी हर्स्ट या धनिक बायकांनी हात दिला. स्टॅनफर्डबाईंचा एकुलता एक मुलगा १८८४ मध्ये पंधराव्या वर्षी गेला होता; त्यांच्या देणग्या त्याच्या आठवणीसाठी होत्या. सेंट लुइसची वाट जरा निराळी. तिथे १८७३ मध्येच सरकारी शाळेत बालवाडी सुरू झाली, पण ती उभी करणाऱ्या सुझन ब्लो पगार न घेता राबल्या. दान नेहमी पैशाचंच असतं असं नाही.

मराठी माणसाचा या गोष्टीशी संबंध येतो तो इथे. १८८६ मध्ये पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला पोचल्या. पुढे तिथेच त्यांनी किंडरगार्टन पद्धत शिकून घेतली. विधवांना शिकवून शिक्षिका करायचं त्यांच्या मनात होतं. लहान मुलांना शिकवण्याचं हे तंत्र त्यात चपखल बसणारं होतं. पैशासाठी त्या गावोगाव बोलत हिंडल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनमध्येच 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली आणि तिने रमाबाईंच्या नियोजित शाळेचा खर्च दहा वर्षं उचलायचं कबूल केलं. ठिकठिकाणी 'रमाबाई मंडळं' निघाली, वर्गणी वर्षाला एक डॉलर. एकटीच्या तिजोरीवर चाललेल्या शॉबाईंच्या कामाच्या हे अगदी उलट: बरेच हात, थोडे थोडे पैसे. त्यातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ विधवांना शिकवणारं शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं.

बॉस्टनच्या बालवाड्यांना शहराचं शिक्षण मंडळ मिळालं. सदनाची दहा वर्षं संपत आली तेव्हा पुण्यात तसं कुणी पुढे आलेलं नव्हतं. १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा बोटीने अमेरिकेला गेल्या आणि मदतीची घडी नव्याने बसवून परतल्या.